मधला स्पीकर

साखर पेठेत, दुडमांच्या माडीवर
पाच स्पीकर आणि एक सबवूफर चढवला
मी आणि तौफिकनं, दुपारी दोनला,
सोलापुरात कुत्रंही सावली सोडत नाही तेव्हा.
मुलगा पुण्याला. पैसे त्यानंच पाठवलेले.
"बाबांना नीट ऐकू यावं," एवढीच ऑर्डर.

खोली बारा बाय सोळा, शहाबादी फरशी,
भिंती उघड्या. टाळी वाजवली
तर टाळी चारदा परत आली.
म्हटलं, काका, आवाज इथं थांबत नाही,
भिंतीभिंतीवर आपटत हिंडतोय. काहीतरी जाड लटकवा.
मल्लेशम दुडम हसले, कपाट उघडलं.
चादरींना काय तोटा?
घरच्या मागावरच्या, मोर विणलेल्या,
शेवटच्या वर्षी न खपलेल्या.
दोन मागच्या भिंतीला, एक डाव्या हाताला.
पुन्हा टाळी. या खेपेला
मोरांनी ती ठेवून घेतली.

मग वायरी. लाल लालला, काळी काळीला.
एक जरी उलटी लागली
तर एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो
आणि माणसाचा आवाज खोलीत असून
कुठूनच येत नाही.
"घरातपण होतं तसं," काकू म्हणाल्या, चहा ठेवताना.

"हा मधला कशाला?"
बाकीच्यांतून गाड्या, गर्दी, बाजा, म्हटलं.
बोलणं बहुतेक सगळं मधल्यातून.
"मग बाकीचे कशाला घेतले?"
याचं उत्तर माझ्या कॅटलॉगात नाही.

सबवूफरची जागा शोधायची रीत
गुडघ्यांत असते:
डबा ठेवायचा माणसाच्या खुर्चीत
आणि माणसानं रांगायचं भिंतीकडेनं;
ढोल जिथं घट्ट लागेल तिथं थांबायचं.
तौफिक रांगला. मी रांगलो.
मग बहात्तर वर्षांचे मल्लेशम दुडम
लुंगी सावरून खाली उतरले,
फरशीला तळहात लावत कोपऱ्यापर्यंत गेले.
"हितं."
मीटरनंही तेच सांगितलं.
"अठ्ठेचाळीस माग. एकाचा पट्टा सैल पडला
तरी टाचेला कळायचं."

शेवटी माइक. खुर्चीपाशी, कानाच्या उंचीला.
प्रत्येक स्पीकरमधून एक शीळ निघते,
हंबरण्यापासून डासापर्यंत चढत जाते;
मशीन ठरवतं कोण किती लांब, कुणाला किती थोपवायचं.
आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागात फूटभर चालतो,
सगळे एकदम पोचले पाहिजेत.
तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही.
शीळ चढत होती, अजून चढत होती,
निम्म्यातच काका म्हणाले,
"का बे, बंद केलास?"

तौफिकनं माझ्याकडं बघितलं.
काकूंनी कुणाकडंच नाही.
शीळ वर चाललेली.
मोजणी बिघडली. पुन्हा लावली.

काका पाणी प्यायला गेले तेव्हा
काकूंनी सांगितलं, भांडी आवरावीत तसं:
चाळीस वर्षं मागाशेजारी. डॉक्टर म्हणाले,
बारीक अक्षरं आधी जातात. स, श, फ.
"माझं नाव शशिकला. हाक मारतात बरोबर.
त्यांच्या कानात पडतं, अइकला."

मी मधला चारनं वाढवला.
वरचे सूर थोडे धारदार केले.
बातम्या लावल्या. काका दोन मिनिटांत म्हणाले,
"ओठ मागनं हालालेत."
मोजलं. चित्र प्रक्रियेत अडकून
सेकंदाच्या सोळाव्या भागानं मागे पडत होतं.
दुकानातल्या पोरांना कधी दिसलं नसतं.
आवाजाला तेवढं थांबवलं. "आता बरोबर."

खाली आल्यावर तौफिकला ड्रिलची आठवण झाली.
परत माडीवर गेलो. मॅच लागलेली,
पाचही कोपऱ्यांतून मैदान ओरडत होतं,
फरशी थरथरत होती.
काकू टीव्हीसमोर, बरोबर मधोमध,
तोंडातून आवाज नाही,
फक्त ओठ, आणि दोन बोटांची एक खूण,
कांड्या भरायला असताना शेडमध्ये करायच्या तशी.
काकांनी मान हलवली. कडक भाकरी, दही.
बहुतेक शेंगाचटणीपण.

मी ड्रिल उचललं.
मधला चारनं वाढवलाय
हे सांगायचं राहूनच गेलं.